मुद्दा बरोबर होता, ठराव मात्र पडला

सोसायटीची वार्षिक सभा असो, ग्रामसभा असो की शाळेतली पालकसभा, तिन्ही ठिकाणांहून एकाच धाटणीची तक्रार ऐकू येते. 'सगळी कागदपत्रं घेऊन गेलो होतो. आकडे बिनचूक होते. समोरच्याकडे उत्तर नव्हतं. तरी हात वर झाले ते त्याच्याच बाजूने.' मग कुणी ठरवतं की लोकांना काही कळतच नाही, तर कुणी ठरवतं की आपल्याला बोलता येत नाही. बहुतेक वेळा दोन्ही निष्कर्ष चुकीचे असतात. बोलणाऱ्याने स्वतःच्या मुद्द्यापासून सुरुवात केलेली असते आणि ऐकणारा त्याच्या मनातल्या शंकेपाशीच अडकलेला असतो. दोघांची गाठ पडतच नाही.

लोकांना पटतं कशाने, यावर गेली पाऊणशे वर्षं प्रयोग चालू आहेत. त्यातले बरेचसे अमेरिकेत आणि कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर झाले, त्यामुळे ते आपल्या सभेला जसेच्या तसे लागू पडतील असं समजू नका. तरी काही निष्कर्ष सभेत उठून बोलणाऱ्याच्या थेट उपयोगाचे आहेत. इथे तेवढेच घेतले आहेत.

बोलायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण धरू. समजा, सोसायटीच्या गच्चीवर सोलर पॅनेल बसवावेत, असा ठराव तुम्हाला मांडायचा आहे. तुमच्या गावात तो पाण्याच्या मीटरचा असेल, शाळेत बसभाड्याचा असेल. पद्धत तीच.

आधी ठरवा: कोणाला पटवायचं आहे?

सभेत तीन प्रकारचे लोक असतात: आधीच तुमच्या बाजूचे, आधीच विरोधातले, आणि चहा येईपर्यंत बसलेले. आपली बहुतेक शक्ती दुसऱ्या गटातल्या एखाद्या जोरदार गृहस्थांशी झुंजण्यात जाते. चारचौघांत ठाम बोलून बसलेला माणूस चारचौघांतच माघार घेत नाही. त्याला उत्तर जरूर द्या, पण ते मागच्या रांगेत बसलेल्यांसाठी द्या. मतदान तेच फिरवतात.

१९४५ साली कार्ल हॉवलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकी सैनिकांना एक भाषण ऐकवलं. जपानशी युद्ध अजून बराच काळ चालेल, असा त्याचा सूर होता. काहींना एकच बाजू सांगितली, तर काहींना विरुद्ध बाजूचे मुद्देही सांगितले. जे आधीच सहमत होते, त्यांच्यावर एकतर्फी भाषणाचा जास्त परिणाम झाला. ज्यांचं मत वेगळं होतं आणि जे जास्त शिकलेले होते, त्यांना दोन्ही बाजू सांगणारं भाषण जास्त पटलं. म्हणजे टाळ्यांसाठीचं भाषण वेगळं आणि मतांसाठीचं वेगळं. राजकीय सभेत पहिलं चालतं, सोसायटीच्या सभेत दुसरं लागतं.

आक्षेप तुम्हीच मांडा, आणि उत्तरही तुम्हीच द्या

पूर्ण लेख वाचायला वेळ नसेल, तर एवढा भाग वाचा.

डॅनियल ओकीफ या संशोधकाने १९९९ साली अशा अनेक प्रयोगांचे निकाल एकत्र करून तपासले. निष्कर्ष दुहेरी निघाला. विरोधी मुद्दा सांगून तो खोडणारं भाषण एकतर्फी भाषणापेक्षा जास्त पटतं. पण विरोधी मुद्दा नुसता सांगून उत्तर न देता पुढे जाणारं भाषण एकतर्फीपेक्षाही कमी पटतं. 'गच्ची गळण्याची शक्यता आहे हे मान्य, पण फायदे बघा' असं म्हणणारा माणूस प्रामाणिक वाटतो आणि ठराव हरतो. ज्यांच्या डोक्यात गळतीचा विचार नव्हता, त्यांच्याही डोक्यात त्याने तो घालून दिलेला असतो.

आपल्याकडे ही रीत जुनीच आहे. शास्त्रचर्चेत आधी पूर्वपक्ष मांडायचा, तोही प्रतिपक्षाला मान्य होईल इतक्या नीट, आणि मग उत्तरपक्ष. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली ती धोंडीबा आणि जोतीराव यांच्या संवादाच्या रूपात. वाचकाच्या मनात येणारा प्रश्न धोंडीबा आधीच विचारून टाकतो. डॉ. आंबेडकरांनी 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'ची दुसरी आवृत्ती १९३७ साली काढली, तेव्हा गांधीजींनी 'हरिजन'मध्ये केलेली टीका आणि तिला दिलेलं आपलं उत्तर, दोन्ही त्यात छापलं. विरोधकाचं म्हणणं आपल्याच पुस्तकात छापायला आपल्या उत्तरावर भरवसा लागतो, आणि तो भरवसा वाचकाला जाणवतो.

सभेपूर्वी हे करा:

- एका कागदावर विरोधकांचे सगळे आक्षेप लिहा. स्वतःला सुचणार नाहीत. विरोधातल्या दोघांना फोन करून विचारा.
- लिहिलेला आक्षेप त्यांनाच वाचून दाखवा. 'हो, माझं म्हणणं हेच आहे' असं ते म्हणाले, तरच तो नीट लिहिला गेला. 'तसं नाही हो' म्हणाले, तर पुन्हा लिहा.
- त्यातले सर्वांत जोरदार दोन निवडा. सोपे आक्षेप निवडून ते खोडण्याचा मोह होतो. लोकांना ते लगेच कळतं.
- प्रत्येकाला उत्तर शोधा. उत्तर म्हणजे 'काही होत नाही' हे आश्वासन नव्हे. गळतीसाठी उत्तर असं असू शकतं: पॅनेल बसवण्याआधी वॉटरप्रूफिंगची तपासणी, कंत्राटात गळतीची जबाबदारी ठेकेदारावर, आणि वरच्या मजल्यावरच्या सभासदाची सही घेतल्याशिवाय शेवटचा हप्ता नाही.

एखाद्या आक्षेपाला उत्तर सापडलंच नाही तर? मग ठराव आखडता घ्या. सगळ्या विंगऐवजी एकाच विंगच्या गच्चीवर, किंवा आज फक्त तीन कोटेशन मागवण्यापुरताच ठराव. उत्तर नसलेला आक्षेप झाकून पूर्ण ठराव रेटण्यापेक्षा हे बरं. तो आक्षेप सभेत कुणीतरी काढणारच.

तीन मुद्दे पुरेत

रिचर्ड पेटी आणि जॉन कासिओपो यांनी १९८४ साली एक छान प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एका प्रस्तावाच्या बाजूने कधी तीन मुद्दे दिले, कधी नऊ; कधी भक्कम, कधी कच्चे. ज्यांचा त्या प्रस्तावाशी संबंध नव्हता, ते नुसत्या संख्येवर भाळले. नऊ मुद्दे म्हणजे काहीतरी असेलच! ज्यांच्यावर त्याचा परिणाम होणार होता, त्यांनी मुद्दे तपासले. त्यांच्या बाबतीत कच्च्या मुद्द्यांची संख्या वाढली, तसा प्रस्ताव जास्तच नावडता झाला.

तुमच्या सभेतल्या माणसांच्या खिशाला झळ बसणार आहे, म्हणजे ती दुसऱ्या गटातली आहेत. त्यांच्यासमोर सोलरचे अकरा फायदे वाचू नका. 'पृथ्वीचं तापमान', 'सोसायटीचं नाव होईल' हे मुद्दे खोटे नाहीत, पण ते ऐकताना लोक भक्कम मुद्दाही विसरतात आणि सर्वांत कच्चा मुद्दा धरून तुम्हाला घेरतात.

मुद्दा भक्कम आहे की नाही, हे तपासायला दोन चाळण्या वापरा.

पहिली चाळणी स्टीफन टुलमिन या तत्त्वज्ञाची, १९५८ सालची. दावा काय, आधार काय, आणि आधारावरून दाव्यापर्यंत पोचवणारा दुवा काय, असं तो विचारतो. आपण आधार देतो आणि दुवा गृहीत धरतो. 'पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामायिक वापराच्या सोलरसाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे' हा आधार झाला. 'म्हणून आपल्याला परवडेल' हा दावा. मधला दुवा, म्हणजे एकूण खर्च किती, अनुदान वजा जाता किती उरतो आणि तो किती वर्षांत बिलातून वसूल होतो, हा सांगितलाच नाही, तर ऐकणारा तो आपल्या मनाने भरतो. बहुधा तुमच्या विरोधात.

दुसरी चाळणी न्यायशास्त्राची, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्राची. तिथे अनुमानाचे पाच अवयव सांगितले आहेत: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. पर्वतावर अग्नी आहे, कारण धूर आहे. जिथे धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघरात. इथेही तसाच धूर आहे. म्हणून अग्नी आहे. यातला चौथा अवयव, उपनय, सभांमध्ये नेहमी गळतो. 'शेजारच्या सोसायटीचं बिल निम्म्यावर आलं' हे उदाहरण झालं. त्यांच्याकडे लिफ्ट किती, पंप किती वेळ चालतो, गच्चीवर सावली पडते का, आणि आपल्याकडचं चित्र त्याच्याशी जुळतं का, हे सांगणं म्हणजे उपनय. तो नसेल, तर कुणीतरी उठून म्हणतो, 'त्यांचं वेगळं आहे हो', आणि उदाहरण तिथेच संपतं.

आकडा आणि गोष्ट यांत निवड करायची वेळ आली, तर प्रसंग बघा. देणगी मागताना एका माणसाची गोष्ट पुष्कळदा आकड्यांहून जास्त काम करते. खर्चाचा ठराव करताना फक्त गोष्ट सांगणारा माणूस विक्रेता वाटू लागतो. आधी आकडा सांगा, मग तो कळावा म्हणून एकच उदाहरण द्या.

सभेआधीचा आठवडा

ठराव सभेत मांडला जातो, पण पटतो तो बहुधा जिन्यात, पारावर किंवा शाळेच्या फाटकापाशी.

सोलोमन अ‍ॅश यांचे १९५० च्या दशकातले प्रयोग प्रसिद्ध आहेत. रेघांच्या लांबीची तुलना करायची, उत्तर उघड दिसणारं. पण खोलीतले बाकीचे सगळे ठरवून चुकीचं उत्तर देत, तेव्हा नेमक्या वेळी एकतृतीयांशाहून थोडी जास्त उत्तरं गर्दीच्या मागे जात. गटात बरोबर उत्तर देणारा एक, फक्त एक सोबती ठेवला, की हे प्रमाण पाच-सहा टक्क्यांवर येई. उत्तर मोठ्याने सांगण्याऐवजी कागदावर लिहायला दिलं, तरीही ते खूप घटे.

यातून दोन कामं निघतात. एक: सभेला एकटे जाऊ नका. पन्नास जणांचं पाठबळ लागत नाही, तुमच्यानंतर लगेच उठून 'मलाही हे योग्य वाटतं' म्हणणारं एक माणूस लागतं. सूचक तुम्ही असाल, तर अनुमोदक आधीच ठरवा, आणि तो तुमच्या नेहमीच्या कंपूतला नसेल तर उत्तम. दोन: विषय नाजूक असेल, तर हात वर करण्याऐवजी चिठ्ठीवर मतदान घेण्याची सूचना मांडा. दारूबंदीसाठी महाराष्ट्रातल्या गावांत महिलांचं मतदान होतं, ते उभी बाटली की आडवी बाटली या चिन्हांवर गुप्तपणे होतं. नवरा, दीर आणि दुकानदार यांच्यासमोर हात वर करायला लागला असता, तर किती बाटल्या आडव्या झाल्या असत्या याचा विचार करा.

घरोघरी जाऊन बोलायचं, तर कसं बोलायचं? डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ कॅला यांचा २०१६ साली 'सायन्स'मध्ये आलेला अभ्यास इथे उपयोगी आहे. फ्लोरिडातल्या मायामीत कार्यकर्ते ५०१ मतदारांच्या दारात गेले. निम्म्या जणांशी पारलिंगी व्यक्तींविषयी साधारण दहा मिनिटं बोलणं झालं, बाकीच्यांशी दुसऱ्याच विषयावर. कार्यकर्त्यांनी भाषण दिलं नाही. 'तुम्ही वेगळे आहात म्हणून कधी कुणी तुम्हाला वाईट वागवलं होतं का?' असं विचारलं आणि ऐकून घेतलं. पूर्वग्रह कमी झाल्याचं तीन महिन्यांनंतरही दिसत होतं. विषय आपल्या गच्चीपेक्षा फार वेगळा आहे, हे खरं. पद्धत मात्र उचलण्यासारखी आहे.

- 'तुम्हाला काय वाटतं?' या प्रश्नाने सुरुवात करा आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबा.
- 'असं का वाटतं? पूर्वी काही अनुभव आला होता का?' हे विचारा. गळतीच्या भीतीने विरोध करणाऱ्या आजोबांच्या घरात तीन पावसाळे बादल्या ठेवाव्या लागल्या असतील. मग तो प्रश्न सोलरचा राहत नाही.
- त्यांचं म्हणणं तुमच्या शब्दांत परत सांगा.
- तुमचा मुद्दा शेवटी सांगा, आणि लगेच होकार मागू नका.

मेसेज पाठवून हे होत नाही. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सूचना द्या, वाद घालू नका. तिथे प्रत्येक जण शंभर लोकांसमोर बोलत असतो. माघार घेण्याची जागाच नसते.

प्रत्यक्ष बोलताना

तीन मिनिटं धरून तयारी करा. क्रम असा ठेवता येतो: ठराव एका वाक्यात, सर्वांत मोठा आक्षेप आणि त्याचं उत्तर, तुमचे दोन-तीन मुद्दे, आज सभेकडून नेमकं काय हवं. आक्षेप मुद्द्यांच्या आधी घेतला, की लोक मुद्दे ऐकायला मोकळे होतात.

शब्दांच्या बाबतीत काही सावधगिरी हवी.

*दबाव जाणवू देऊ नका.* आपलं स्वातंत्र्य कुणी काढून घेतंय असं वाटलं, की माणूस मुद्दा न बघता उलट दिशेला जातो. जॅक ब्रेम यांनी १९६६ साली हे मांडलं. 'हे करावंच लागेल', 'दुसरा पर्यायच नाही' ही वाक्यं टाळा. याउलट विनंतीनंतर 'अर्थात निर्णय तुमचाच आहे' एवढं जोडल्याने होकार वाढतात, असं ४२ अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत २०१३ साली दिसलं. फक्त ते खरं असलं पाहिजे. पर्याय खरोखर ठेवले नसतील, तर हे वाक्य टोमणा वाटतं.

*वाईट वागणाऱ्यांची संख्या जाहीर करू नका.* खजिनदार मंडळी ही चूक दरवर्षी करतात: 'निम्मे सभासद मेंटेनन्स वेळेवर भरत नाहीत!' अ‍ॅरिझोनातल्या पेट्रिफाइड फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानात रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी दोन तऱ्हेच्या पाट्या लावल्या. आधीच्या पर्यटकांनी अश्मीभूत लाकूड नेल्याने उद्यानाची रया जात असल्याचं एका पाटीवर होतं, तर लाकूड नेऊ नका अशी साधी विनंती दुसरीवर. मुद्दाम ठेवलेल्या तुकड्यांपैकी पहिल्या पाटीजवळून जवळपास ८ टक्के गेले, दुसरीजवळून २ टक्क्यांहून कमी. निम्मे लोक भरत नाहीत हे ऐकून वेळेवर भरणाराही विचारात पडतो. किती जणांनी भरलं ते सांगा, आणि थकबाकीदारांना स्वतंत्र पत्र पाठवा.

*समोरच्याने आकडा नाकारला, तर दुसरा आकडा काढू नका.* स्टॅनफर्डमध्ये १९७९ साली चार्ल्स लॉर्ड, ली रॉस आणि मार्क लेपर यांनी फाशीच्या शिक्षेच्या समर्थकांना आणि विरोधकांना तेच दोन अभ्यास वाचायला दिले. एक बाजूने, एक विरोधात. प्रत्येकाला आपल्या बाजूचा अभ्यास चांगला केलेला वाटला आणि दुसऱ्यात खोट दिसली. पुढे १९८४ साली यावर एक उतारा सापडला. 'निःपक्षपाती राहा' अशी सूचना दिल्याने फरक पडला नाही. पण 'याच पद्धतीने केलेल्या अभ्यासाचा निकाल उलटा लागला असता, तर तुम्ही तो तसाच तोलला असता का?' असा विचार करायला लावलं, तेव्हा पक्षपात कमी झाला. सभेत हा प्रश्न असा विचारता येईल: 'याच ठेकेदाराने सोलर परवडत नाही असं सांगितलं असतं, तर आपण त्याचा आकडा मानला असता का?' आधी तो स्वतःला विचारून पाहा. थोडा जड जातो.

आवाज चढला तर

न्यायसूत्रांनी चर्चेचे तीन प्रकार केले आहेत. सत्य शोधण्यासाठी चालतो तो वाद, जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःची बाजूच न मांडता नुसतं दुसऱ्याचं खोडणं म्हणजे वितंडा. तुमच्यासमोर काय चाललंय ते आधी ओळखा. वितंडा घालणाऱ्याला उत्तरं देत बसलात, तर तो नवे प्रश्न काढत राहील. त्याला एकच विचारा: 'मग तुमचा ठराव काय आहे? तो इतिवृत्तात घेऊ या.' बहुधा शांतता पसरते.

जल्प असेल, तर विषय पुढे ढकलणं शहाणपणाचं. 'दोन्ही बाजूंच्या तिघा-तिघांची उपसमिती नेमून महिन्याभरात अहवाल मागवावा' ही सूचना पराभव नसते. ह्यूगो मर्सिए आणि डॅन स्पर्बर यांनी २०११ साली असं मांडलं की माणूस एकट्याने विचार करताना आपलीच बाजू भक्कम करत बसतो, पण दुसऱ्याचा युक्तिवाद तपासताना बरीच धार दाखवतो. भिन्न मतांची छोटी उपसमिती नेमकी याचा फायदा घेते. एकाच मताच्या सहा जणांची समिती मात्र नुसती वेळ घालवते.

अल्पमतात राहिलात, तर सूर बदलू नका. सर्ज मोस्कोविची यांच्या १९६९ च्या प्रयोगात सहा जणांच्या गटातले दोघे निळ्या रंगाला सातत्याने हिरवा म्हणत राहिले, तेव्हा इतरांची सुमारे ८ टक्के उत्तरं त्यांच्याकडे वळली. ते अधूनमधून निळा म्हणू लागले, की हे प्रमाण जेमतेम एका टक्क्यावर आलं. आणि ते तर धडधडीत चुकीचं सांगत होते! दर सभेत नवा मुद्दा काढणाऱ्यापेक्षा एकच मुद्दा शांतपणे, लेखी, तीन सभा मांडणारा जास्त दूर जातो.

बोलण्याआधी हे हक्क माहीत हवेत

मुद्दा कितीही चांगला असला, तरी विषय विषयपत्रिकेवरच नसेल, तर तो वाऱ्यावर जातो.

सहकारी गृहनिर्माण संस्थेत:

- वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हायला हवी. आदर्श उपविधींनुसार तिची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी मिळाली पाहिजे, विशेष सभेची ५ दिवस आधी.
- कमिटी विषय घेत नसेल, तर एकपंचमांश सभासदांच्या लेखी मागणीवर विशेष सभा बोलवावी लागते.
- एका सभासदाला एक मत. फ्लॅट मोठा म्हणून मत मोठं होत नाही.
- सर्वसाधारण सभेची आणि कमिटीच्या सभांची इतिवृत्तं, लेखापरीक्षित ताळेबंद आणि सभासदांची नोंदवही विनाशुल्क पाहण्याचा हक्क सहकार कायद्याच्या कलम ३२ ने दिला आहे. आकडे शोधायला इथूनच सुरुवात करा.
- गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा हजर असतील तेवढ्यांवर भरू शकते. 'कोरम नाही' म्हणून घरी गेलात, तर अर्ध्या तासाने ठराव झालेला असेल.
- पुनर्विकासासाठी २०१९ च्या शासकीय निर्देशांनुसार सभेचं चित्रीकरण व्हावं लागतं. ते होतंय ना, ते बघा.

ग्रामसभेत:

- आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा होणं बंधनकारक आहे. गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल ती.
- नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा व्हायला हवी. ती कागदावरच उरकली जाते का, हे विचारा. अ‍ॅशच्या प्रयोगातला 'एक सोबती' बायकांना इथेच भेटतो.
- खर्चाची कागदपत्रं मिळत नसतील, तर माहिती अधिकारात १० रुपयांचं शुल्क भरून अर्ज करा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

शाळेत:

- विनाअनुदानित खाजगी शाळा सोडून इतर शाळांत शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समिती हवी. तिच्यात किमान तीनचतुर्थांश पालक आणि ५० टक्के महिला असाव्या लागतात.
- खाजगी शाळांत २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याखाली पालक-शिक्षक संघ आणि त्याची कार्यकारी समिती असते. शुल्काचा प्रस्ताव तिच्यापुढे यावा लागतो. फीवाढीवर वर्गशिक्षिकेशी भांडून उपयोग नाही, तिच्या हातात काही नसतं.

तिन्ही ठिकाणी एक गोष्ट करा. ठराव मंजूर होताना तुमचा विरोध असेल, तर 'माझा विरोध नावानिशी नोंदवावा' असं सभेतच म्हणा आणि दोन दिवसांत तेच पत्राने देऊन पोच घ्या. चार महिन्यांनी 'मी तेव्हाच म्हटलं होतं' याला पुरावा नसतो.

हेच हत्यार तुमच्यावर चालवलं जात असेल तर

'ऑफर आजच्या पुरतीच', 'बाकी सगळ्यांनी सह्या केल्या, तुमचीच राहिली', 'आमच्याकडे अमुक निवृत्त अधिकारी आहेत': पुनर्विकासाच्या किंवा मोठ्या कंत्राटाच्या वेळी ही वाक्यं हमखास कानावर येतात. टंचाई, गर्दी आणि अधिकार. चाल्डिनींनी १९८४ च्या आपल्या पुस्तकात ज्या युक्त्यांची फोड केली, त्यांतल्याच या तीन. उत्तरही ठरलेलं ठेवा. घाई असेल, तर मुदत लेखी मागा. सगळ्यांनी सह्या केल्या असतील, तर यादी दाखवायला सांगा. अधिकाऱ्याचं नाव घेतलं, तर त्यांचं मत त्यांच्या सहीने मागा. कोऱ्या कागदावर किंवा हजेरीपत्रकाच्या नावाखाली दिलेल्या सुट्या पानावर सही करू नका.

शिक्षक आणि पालकांसाठी

वादविवाद स्पर्धेची तयारी आपल्याकडे कशी होते? विषय 'मोबाइल शाप की वरदान', बाजू चिठ्ठीवर, भाषण बाईंनी लिहून दिलेलं, हावभाव आरशासमोर बसवलेले. मूल घडाघडा बोलतं आणि प्रतिस्पर्ध्याने काय म्हटलं ते त्याच्या कानावरही पडलेलं नसतं.

डीना कून यांनी १९९१ साली १६० जणांच्या सविस्तर मुलाखतींचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुलं शाळेत नापास का होतात, सुटलेले कैदी पुन्हा गुन्ह्याकडे का वळतात, असे रोजच्या बोलण्यातले प्रश्न. अनेकांना आपल्या मताचा खरा पुरावा देता आला नाही, ते तेच मत नव्याने सांगत राहिले. विरुद्ध मताचा माणूस काय म्हणेल, हेही पुष्कळांना सुचलं नाही. पुढे त्यांनी आणि अमांडा क्रोवेल यांनी न्यूयॉर्कच्या एका शाळेत तीन वर्षं प्रयोग केला. एका गटातली मुलं जोड्या करून विरुद्ध मताच्या जोडीशी संगणकावर लिहून वाद घालत. तुलनेसाठीचा वर्ग एकत्र चर्चा करी आणि कितीतरी जास्त निबंध लिही. शेवटी दोन्ही बाजूंचा विचार करणारे निबंध लिहिले ते वाद घालणाऱ्या मुलांनी.

संगणक नसला तरी चालतं. वर्गात दोन जोड्यांमध्ये एक कागद फिरवा. प्रत्येक जोडीने आधी समोरच्याचं म्हणणं एका ओळीत लिहायचं, ते त्यांनी मान्य करायचं, मगच उत्तर लिहायचं. पंधरा दिवसांनी बाजू बदला. स्पर्धेत परीक्षक असाल, तर गुणपत्रिकेत 'उच्चार' आणि 'हावभाव' यांच्या बरोबरीने 'प्रतिस्पर्ध्याच्या मुद्द्याला दिलेलं उत्तर' असा रकाना मागून घ्या आणि त्याला निदान तीस टक्के गुण ठेवा. आणि पाठ केलेलं भाषण मधेच विसरलेल्या मुलाने आधीच्या वक्त्याचा एखादा मुद्दा पकडून दोन वाक्यं स्वतःची बोलली, तर त्या रकान्यात त्याला गुण देताना हात आखडता घेऊ नका.